दोघांचा सौदा, तिसऱ्याचा श्वास : 'डिलीटेड' डिझेल ट्रकचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला म्हातारपणी हे ट्रकचं खूळ कुठून लागलं! सांगतो. नीतिशास्त्राच्या वर्गात आम्ही जी उदाहरणं घेतो, ती बहुतेक वेळा बेतलेली असतात. बुडणारी होडी, रुळावर बांधलेली माणसं वगैरे. पण अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात गेली पंधरा-सोळा वर्षं एक सौदा रोज होतो आहे, आणि त्यात नीतिशास्त्राचा एक अवघड प्रश्न जसाच्या तसा उभा आहे. तो सौदा म्हणजे धूर स्वच्छ करणारी यंत्रणा काढून टाकलेला सेकंडहँड डिझेल ट्रक विकत घेणं.

आधी शब्द समजून घेऊ. अमेरिकेत ट्रक म्हटलं की आपल्यासारखा दहा चाकांचाच ट्रक डोळ्यांसमोर आणू नका. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली पिकअप, तिलाही ते ट्रकच म्हणतात. शेतकरी, सुतार, बांधकामाचे ठेकेदार, घोड्यांची गाडी मागे जोडून नेणारे, सगळे ती वापरतात. मोठ्या पिकअपमध्ये डिझेल इंजिन असतं. जुन्या पिकअपच्या जाहिरातीत एक शब्द हमखास दिसतो, 'डिलीटेड'. म्हणजे काय, तर कारखान्यातून निघताना या गाडीला धूर स्वच्छ करणारी जी उपकरणं होती, ती आता नाहीत. आणि गंमत अशी, की ही उणीव म्हणून सांगितली जात नाही. आपल्याकडे जाहिरातीत 'सिंगल ओनर, नवे टायर' लिहितात ना, तसं ते गुण म्हणून लिहिलं जातं.

विकणारा खूश, घेणारा खूश. दोघंही सज्ञान, दोघांनाही सगळं ठाऊक, फसवणूक नाही. मग तक्रार कोणाची? तक्रार तिसऱ्याची. जो या सौद्याच्या वेळी हजर नव्हता, ज्याला कोणी विचारलं नाही, पण जो त्या ट्रकमागची हवा श्वासात घेणार आहे, त्याची. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. धूर स्वच्छ करणारं ते उपकरण म्हणजे दोघांच्या सौद्यात तिसऱ्यासाठी ठेवलेली जागा आहे. ती जागा मिळवायला त्याला काही दशकं लागली. ती काढून टाकायला मात्र एक दुपार पुरते.

इंजिनाचा स्वभाव

रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनिअर १८५८ मध्ये पॅरिसमध्ये जन्मला. त्याने १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गला त्याचं इंजिन नीट चाललं. त्या काळची वाफेची इंजिनं कोळशातल्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग कामाला लावत. डिझेलचं इंजिन सुमारे २६ टक्के लावू लागलं. मोठं इंजिन परवडणाऱ्या बड्या कारखानदारांपुढे लहान कारागीर टिकला पाहिजे, ही त्याची इच्छा होती. १९०३ मध्ये त्याने 'सॉलिडारिस्मस' नावाचं पुस्तकच लिहिलं. माणसांनी एकमेकांच्या आधाराने आर्थिक व्यवहार कसे करावेत, हा त्याचा विषय. पुस्तक फारसं कोणी घेतलं नाही, इंजिन मात्र सगळ्या जगाने घेतलं.

या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते, मग त्यात इंधन फवारायचं, ते आपोआप पेटतं. यातूनच दोन त्रास निघतात. जिथे इंधन जास्त आणि हवा कमी, तिथे काजळी तयार होते. जिथे ज्वाला फार तापते, तिथे हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. एक कमी करायला जावं तर दुसरं वाढतं. म्हणजे इंजिन बिघडलं म्हणून ते धूर सोडतं असं नाही. ज्या गुणामुळे ते काटकसरी आहे, त्याच गुणाच्या पोटी हा दोष आहे. म्हणून इंजिनाच्या बाहेर, धुराच्या नळीवर वेगळी यंत्रणा बसवावी लागते.

तिसऱ्याला जागा कशी मिळाली

आता थोडं मागे जाऊ. जुलै १९४३, लॉस एंजेलिस. शहरावर असा काही धुरकट पडदा आला, की डोळे चुरचुरू लागले, घसा खवखवू लागला. युद्धाचे दिवस. लोकांना वाटलं जपानने विषारी वायू सोडला. शत्रू शोधायला सगळे आकाशाकडे बघत होते, आणि तो रस्त्यावरून चालला होता. हे शोधून काढलं आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने. तो कॅल्टेकमध्ये अननसाच्या स्वादावर काम करत होता. त्याच कौशल्याने त्याने हवा तपासली आणि १९५० च्या सुमारास दाखवून दिलं, की गाड्यांच्या आणि तेल कारखान्यांच्या धुरावर ऊन पडलं की त्यातून ओझोनसारखे दाहक वायू तयार होतात. वाहन कंपन्यांना आणि तेल कंपन्यांना हे पटायला पुढे बरीच वर्षं लागली.

१९७० साली अमेरिकेत पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, स्थापन झाली आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, निक्सन यांनी स्वच्छ हवा कायद्यावर सही केली. या कायद्यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली, सरकारने कारवाई केली नाही तर सामान्य नागरिकालाही प्रदूषण करणाऱ्यावर फिर्याद लावता येईल. दुसरी, गाडीवरचं प्रदूषण रोखणारं उपकरण काढायला बंदी.

पण ही बंदी कोणाला? इथे इतिहास बारकाईने बघा. १९७० मध्ये ती उत्पादकाला आणि विक्रेत्याला होती. १९७७ च्या दुरुस्तीत गॅरेजवाले, गाड्यांचा व्यापार करणारे आणि गाड्यांचा ताफा चालवणारे तिच्यात आले. १९९० च्या दुरुस्तीत शब्द आला 'कोणतीही व्यक्ती'. म्हणजे स्वतःच्या अंगणात स्वतःच्या गाडीखाली झोपून पाना फिरवणारा मालकसुद्धा. वीस वर्षांत जबाबदारीचं वर्तुळ कंपनीपासून थेट घरापर्यंत आलं.

हे का करावं लागलं? कारण उपकरणं काढणं हा काही डिझेलवाल्यांचा नवा शोध नाही. १९७५ पासून पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला शिसं चालत नाही, म्हणून शिसेविरहित पेट्रोल आलं, आणि चुकून शिशाचं पेट्रोल भरलं जाऊ नये म्हणून टाकीचं तोंड अरुंद केलं. शिशाचं पेट्रोल थोडं स्वस्त होतं. मग काय? लोकांनी टाकीची तोंडं मोठी करून घेतली! दोन-चार सेंट वाचवण्यासाठी. तो पैसा खिशात दिसतो, आणि पोरांच्या रक्तात जाणारं शिसं दिसत नाही.

कंपन्यांनी घालून दिलेला धडा

डिझेलची पाळी उशिरा आली. १९९३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांचा 'सहा शहरांचा अभ्यास' प्रसिद्ध झाला. आठ हजारांहून अधिक प्रौढांची चौदा ते सोळा वर्षं नोंद ठेवून त्यांनी दाखवलं, की सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचं प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होतं, आणि त्याचा संबंध हवेतल्या सूक्ष्म कणांशी लागत होता. डिझेलची काजळी म्हणजे असेच सूक्ष्म कण. पुढे जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं.

दरम्यान १९९८ मध्ये एक मोठं प्रकरण झालं. कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉइट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनो आणि व्होल्वो या सात उत्पादकांशी सरकारने समझोता केला. आरोप असा होता, की सुमारे १३ लाख इंजिनांमध्ये संगणकाची अशी योजना होती, की चाचणीच्या वेळी इंजिन नियम पाळायचं आणि महामार्गावर एका वेगाने धावू लागलं की नायट्रोजन ऑक्साइडं भरपूर सोडायचं. समझोत्याचा एकूण बोजा सुमारे १०० कोटी डॉलर, त्यातला दंड ८ कोटी ३४ लाख. कंपन्यांनी गुन्हा कबूल केला नाही.

हे आवर्जून सांगण्याचं कारण असं, की ट्रकचा सामान्य मालक पुढे जे करणार होता, ते आधी कंपन्यांनी सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं. 'मोठे करतात ते चालतं, आम्ही केलं की पाप' ही त्या बाजारातली जुनी तक्रार आहे, आणि ती हवेतून आलेली नाही.

२००१ च्या सुरुवातीला नवे नियम जाहीर झाले. २००६ पासून डिझेलमधलं गंधक दहा लाखांत १५ भागांवर आणलं, आधी ते ५०० पर्यंत चालत होतं. २००७ पासून काजळी अडवणारा फिल्टर आला. त्याला डीपीएफ म्हणतात. २०१० पासून नायट्रोजन ऑक्साइडं मोडण्यासाठी युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा आली. पिकअपमध्ये ती फोर्ड आणि जीएमने २०११ च्या मॉडेलपासून घेतली. डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची दुसरी छोटी टाकी दिसते ना, ती याच पाण्याची. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो.

माणसं ते का काढतात

इथे एक पथ्य पाळू. उपकरण काढणारा प्रत्येक माणूस दुष्ट आहे असं धरून चाललं तर आपल्याला काहीच कळणार नाही. काही हौशी आहेतच, सायकलवाल्यावर किंवा इलेक्ट्रिक गाडीवर मुद्दाम काळा धूर सोडणारे. त्याला ते 'रोलिंग कोल' म्हणतात. त्यांना बाजूला ठेवू. उरलेल्यांचं म्हणणं ऐका.

फिल्टरमध्ये काजळी साठते आणि ती अधूनमधून उच्च तापमानाला जाळावी लागते. गाडी लांब पल्ल्यावर धावली तर ते आपोआप होतं. शेतातून गावात आणि गावातून शेतात अशा छोट्या फेऱ्या असतील तर फिल्टर चोंदतो. बदलायला हजारो डॉलर. युरियाच्या यंत्रणेचा एखादा सेन्सर बिघडला, तर संगणक इंजिनाची ताकद कमी करत जातो. मोठ्या ट्रकांत शेवटी वेग ताशी पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. ऐन सुगीत, धान्य भरलेलं असताना, शंभर मैलांवर कंपनीचं वर्कशॉप असताना गाडी बैलगाडीच्या चालीने चालू लागली तर शेतकरी काय म्हणेल? मग शेजारचा मेकॅनिक सांगतो, 'कशाला त्रास करून घेतोस? काढून टाकू.' फिल्टरच्या जागी साधी सरळ नळी, धूर इंजिनात परत नेणाऱ्या वाटेवर पत्रा, आणि संगणकाला नवं सॉफ्टवेअर, म्हणजे उपकरण नाही अशी तक्रार तो करणार नाही. ताकद वाढते, डिझेल वाचतं, कटकट मिटते.

कटकट मिटते, म्हणजे कोणाची? मालकाची. ती नाहीशी होत नाही, ती हवेत जाते. आणि फिल्टर काढला तर निदान धूर दिसतो. युरियाची यंत्रणा बंद केली तर डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही.

विकत घेणाऱ्याचं काय

आता आपल्या मुख्य पात्राकडे येऊ. त्याने काही काढलेलं नाही. ते आधीच्या मालकाने काढलं. हा फक्त पैसे मोजून गाडी घेतोय. याचा दोष काय?

त्या अमेरिकन कायद्याचं कलम एखाद्या संहितेच्या वाक्यासारखं वाचा आणि त्यातली क्रियापदं मोजा. उपकरण 'काढणं', ते 'निकामी करणं'. ते चुकवणारे सुटे भाग 'बनवणं', 'विकणं', 'विकायला ठेवणं', 'बसवणं'. एवढीच क्रियापदं. 'विकत घेणं' त्यात नाही. म्हणजे केंद्रीय कायद्याच्या या कलमाने घेणाऱ्याला सरळ पकडता येत नाही. बरं, जुने कायदे काय सांगतात? इंग्रजी कायद्यातलं जुनं तत्त्व म्हणतं, घेणाऱ्याने सावध राहावं. आपल्याकडे मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत 'क्रयविक्रयानुशय' असं एक पदच आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. घेतल्यावर किंवा विकल्यावर मन बदललं तर दहा दिवसांत माल परत करता येतो. पण बघा, दोन्हीकडे विचार दोघांचाच. घेणारा फसू नये, विकणारा बुडू नये. तिसरा कुठेच नाही.

मात्र केंद्राच्या कायद्यात सुटलेला माणूस राज्यांच्या नियमांत सापडतो. कॅलिफोर्नियात १९९८ आणि त्यानंतरच्या डिझेल पिकअपला धुराची तपासणी आहे. उपकरण नसेल तर गाडी नापास. कित्येक राज्यांत डिझेलची अशी तपासणीच नाही. युटा राज्यात नियम आहे, की गाडीवरची प्रदूषणरोधक यंत्रणा मालकाने चालू स्थितीत ठेवली पाहिजे. 'मालकाने' हा शब्द लक्षात घ्या. कोणी काढली हा प्रश्नच नाही. आज गाडी तुमची, तर कर्तव्य तुमचं.

आणि युटामध्येच या विषयावरचा सर्वांत बोलका खटला झाला. सॉल्ट लेक सिटीचा परिसर डोंगरांच्या कुशीत आहे. हिवाळ्यात थंड हवा खाली आणि उबदार हवा वर असं झाकण बसतं, आणि धूर दिवसेंदिवस तिथेच राहतो. तिथल्या काही डॉक्टरांनी 'युटा फिजिशियन्स फॉर अ हेल्दी एन्व्हायर्न्मेंट' ही संस्था काढली आहे. त्याच भागात 'डिझेल ब्रदर्स' नावाचा कार्यक्रम गाजत होता. डिस्कव्हरी वाहिनीवर मोठमोठे ट्रक सजवणारी, विकणारी, बक्षीस म्हणून देणारी ही मंडळी. डॉक्टरांनी काय केलं? त्यांनी त्यांच्याकडचा एक ट्रक चक्क विकत घेतला आणि प्रयोगशाळेत नेऊन तपासला. उपकरणं शाबूत असलेल्या ट्रकच्या तुलनेत प्रदूषण ३६ पट आणि सूक्ष्म कण २१ पट, असं त्यांनी जाहीर केलं. मग २०१७ मध्ये, १९७० च्या कायद्याने नागरिकाला दिलेला तो अधिकार वापरून त्यांनी फिर्याद लावली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या खरेदीला महत्त्व आहे. एरवी घेणारा आणि तिसरा ही दोन वेगळी माणसं असतात. इथे तिसराच घेणारा बनून बाजारात गेला, आणि त्याने सौद्याचा पुरावा केला.

मार्च २०२० मध्ये न्यायालयाने ८ लाख डॉलरहून अधिक दंड ठोठावला. अपील झालं. डिसेंबर २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने मूळ निष्कर्ष बराचसा कायम ठेवला, पण एक फरक केला. ज्या ट्रकांचा आणि सुट्या भागांचा धूर या डॉक्टरांच्या खोऱ्यातल्या हवेत मिसळला, तेवढ्यापुरतीच त्यांना दाद मागता येईल. बाहेरच्या राज्यांत गेलेल्या मालाबद्दल नाही. म्हणून दंडाचा फेरविचार करायला प्रकरण खाली पाठवलं. तिसऱ्याला न्यायालयात जागा मिळाली, पण धूर आपल्यापर्यंत पोहोचला एवढं दाखवल्यावरच.

'माझ्या एका ट्रकने काय होतंय?'

घेणाऱ्याचा खरा बचाव कायद्याचा नसतोच. तो असा असतो : माझ्या एका ट्रकने असं काय बिघडणार आहे?

डेरेक पारफिट या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९८४ च्या आपल्या ग्रंथात याच बचावाचा समाचार घेतला आहे. त्याचं उदाहरण माझ्या शब्दांत सांगतो. समजा हजार माणसं आहेत आणि यातना देणारी यंत्रं हजार. प्रत्येकाने एक कळ दाबली की हजारही बळींच्या वेदनेत जाणवणारही नाही इतकीच भर पडते. हजारांनी दाबली की वेदना असह्य होते. आता प्रत्येक जण म्हणू शकतो, की माझ्या एका कळीने कोणालाच काही जाणवलं नाही. म्हणणं खरं आहे. पण म्हणून तो निर्दोष ठरतो का? पारफिट म्हणतो, नाही. मी एकट्याने काय केलं एवढंच विचारून चालत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून जे केलं त्यात माझा वाटा होता का, हेही विचारावं लागतं.

आता हे कल्पनेतलं उदाहरण आकड्यांत बघू. नोव्हेंबर २०२० मध्ये ईपीएच्या अंमलबजावणी विभागाने अंदाज मांडला. साधारण दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपची यंत्रणा काढली गेली होती. तशा प्रकारच्या एकूण गाड्यांच्या सुमारे १५ टक्के. या गाड्यांच्या उरलेल्या आयुष्यात मिळून ५ लाख ७० हजार टन नायट्रोजन ऑक्साइडं आणि ५ हजार टन सूक्ष्म कण जादा बाहेर पडतील. हवेवरचा परिणाम किती? जणू रस्त्यावर नियम पाळणाऱ्या आणखी ९० लाख पिकअप आल्या. साडेपाच लाख माणसं, आणि त्यातला प्रत्येक जण म्हणतोय, माझ्या एका ट्रकने काय होतंय.

कंपन्याही मागे नव्हत्या. २०१५ चं फोक्सवॅगनचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल, जगभरात १ कोटी १० लाख गाड्या. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सने राम पिकअपमधल्या सुमारे साडेनऊ लाख इंजिनांबाबत समझोता केला. दंड १६७ कोटी ५० लाख डॉलर, त्या कायद्याखालचा तोवरचा सर्वांत मोठा. कंपनीने गैरकृत्य मान्य केलं नाही. १९९८ च्या यादीतलं हे नाव पंचवीस वर्षांनी पुन्हा आलं.

आणि २०२५ मध्ये वारं फिरलं. ऑगस्टमध्ये ईपीएने कंपन्यांना सांगितलं, की युरियाच्या यंत्रणेत बिघाड झाला तर गाडीची ताकद एकदम कमी करू नका, चालकाला दुरुस्तीसाठी पुरेसा अवधी द्या. २०२७ च्या मॉडेलपासून नव्या ट्रकांनी तसंच वागायचं. माझ्या मते हे बरोबर झालं. तिसऱ्याचं रक्षण करताना पहिल्याला रस्त्यात लटकवणं हा न्याय नव्हे. पण त्याच वर्षी, उपकरणं बंद केल्याबद्दल तुरुंगात गेलेल्या वायोमिंगच्या एका मेकॅनिकला राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. बाजाराने यातला कोणता अर्थ घेतला असेल, ते तुम्हीच ठरवा. 'नियम सुधारला' आणि 'नियम सुटला' यांत फरक आहे, पण सोयीच्या वेळी तो दिसत नाही.

आपल्या दाराशी

ही गोष्ट फक्त अमेरिकेची नाही, आणि पुण्याची तर मुळीच परकी नाही. १९६२ मध्ये इथे किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. कोथरूडच्या कित्येक घरांतली चूल डिझेल इंजिनांवर पेटली आहे. आणि वेताळ टेकडीवरच्या आपल्या एआरएआयनेच फोक्सवॅगनच्या भारतातल्या गाड्या तपासल्या. त्यानंतर डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने इथल्या ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या परत बोलावण्याचं जाहीर केलं.

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-६ आलं. म्हणजे तोच फिल्टर, तीच युरियाची टाकी आता आपल्या ट्रकांतही आहे. कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मालकाला कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड ठेवला आहे. पण आपली पीयूसी डिझेल गाडीचं काय तपासते? धुराचा काळेपणा. नायट्रोजन ऑक्साइडं ती मोजतच नाही. म्हणजे युरियाची यंत्रणा बंद केलेला ट्रक आपल्याकडे पीयूसी दाखवून निर्धास्त जाऊ शकतो. हे ट्रक आता जुने होऊ लागले आहेत, दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाऊ लागले आहेत. अमेरिकेत पंधरा वर्षांपूर्वी जो प्रश्न घेणाऱ्यापुढे होता, तो आपल्या ट्रान्स्पोर्टवाल्यापुढे आता येतो आहे.

एक चिठ्ठी

एका श्रोत्याची चिठ्ठी आली आहे : "सर, माझा मुलगा टेक्सासमध्ये असतो, त्याला जुनी पिकअप घ्यायची आहे. मग घ्यायचीच नाही का?"

घ्या की! जुनी गाडी घेण्यात काहीच वाईट नाही. पण त्याला सांगा, इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी खाली वाकून बघ. धुराच्या नळीवर फिल्टरचा जाडजूड डबा आहे, की नवी चकचकीत सरळ नळी? नळीच्या तोंडात बोट फिरव. फिल्टर शाबूत असेल तर बोट बऱ्यापैकी स्वच्छ निघतं, काळं झालं तर संशय घे. युरियाची टाकी नुसती आहे, की चालू आहे? माहितगार मेकॅनिककडून संगणक वाचून घे. गाडी 'डिलीटेड' निघाली आणि तरी हवीच असेल, तर यंत्रणा परत बसवण्याचा खर्च आधी काढ आणि तो किमतीतून वजा करून माग. विकणारा तयार नसेल तर उठून ये.

यात व्यवहारही आहे आणि नीतीही. आजवर हा सौदा असा झाला, की तिसऱ्याला पोचणारा तोटा किमतीत धरलाच गेला नाही. उलट, 'डिलीटेड' गाडीला चार पैसे जास्तच मिळाले. घेणाऱ्याने हा हिशेब धरायला सुरुवात केली, तर काढणाऱ्यालाही काढण्यात लाभ उरणार नाही. कायद्याच्या क्रियापदांत 'विकत घेणं' नसेल, पण बाजार मात्र त्याच क्रियापदावर चालतो.

रुडॉल्फ डिझेलला लहान माणसाच्या हाती ताकद द्यायची होती, आणि माणसांनी एकमेकांचा विचार करून व्यवहार करावा अशीही त्याची इच्छा होती. पहिली गोष्ट यंत्राने झाली. दुसरी यंत्राने होणारी नव्हती. ती आपल्याला प्रत्येक सौद्याच्या वेळी नव्याने करावी लागते.